भीती गेली, अबोलपणा राहिला

माझ्याकडे उपचारांसाठी येऊन गेलेल्या एका अबोल मुलीचं हे प्रकरण लिहू का, म्हणून मी तिला आणि तिच्या वडिलांना विचारलं. वडील फोनवरच म्हणाले, "लिवा की मॅडम, त्यात इचारायचं काय?" मुलीने आठ दिवस घेतले. मसुदा वाचायला मागितला, दोन वाक्यं खोडली, एका ठिकाणी समासात 'असं झालं नव्हतं' असं लिहिलं आणि मग सही केली. ती अठरा पूर्ण आहे. तिची सही नसती तर वडिलांच्या होकारावर मी एक ओळही लिहू शकले नसते. नाव-गाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वडील एसटीत कंडक्टर. आई घरी शिवणकाम करते. घरात आजी आणि या मुलीचा धाकटा भाऊ. वडिलांचं काम बोलण्याचं आहे आणि स्वभावही तसाच. गाडीत चढणाऱ्या म्हातारीला 'ये मावशी' म्हणणं, सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्याला दोन शब्दांत गार करणं, कॉलेजच्या पोरांना दम देऊन लगेच हसवणं, हे त्यांना सहज जमतं. आजीचा वाडवडिलांकडून आलेला एक ठरलेला शेरा होता: बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. अशा घरात 2006 च्या मे महिन्यात ही मुलगी जन्मली.

ती माझ्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती, पहिलीत. साल 2012. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. शाळा सुरू झाल्यापासून सुट्टी लागेपर्यंत तिने वर्गात एक शब्दही उच्चारला नव्हता. हजेरीला 'हजर' नाही, शेजारच्या मुलीशी कुजबूज नाही, पडली तरी 'आई गं' नाही. पाणी प्यायला किंवा बाहेर जायला विचारता येत नाही म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून ती पाणीच पीत नसे. हे आईच्या लक्षात आलं ते रोज भरलेलीच परत येणाऱ्या बाटलीवरून.

बालवाडीत 'लाजाळू आहे, होईल हळूहळू' म्हणून दोन वर्षं गेली होती. नातेवाइकांत कुणी घुमी म्हणे, कुणी 'खाली मुंडी, पाताळ धुंडी'. वडिलांना वाटायचं, पोरगी हट्टी आहे. त्यांनी तिला सांगितलं होतं, "बाईंसमोर एक शब्द बोल, दुसऱ्या दिवशी सायकल आणतो." तिला ती सायकल फार हवी होती. ती रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, पण सकाळी वर्गात पुन्हा तसंच. हट्टी मूल आपल्याला हवं ते मिळवण्यासाठी हट्ट करतं. इथे हवी असलेली वस्तू समोर होती आणि तोंड उघडत नव्हतं. आईने हे सांगितलं तेव्हा माझी दिशा जवळजवळ ठरली.

उरलेली शंका आईच्या मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगने मिटवली. घरातल्या खोलीत मुलगी भावाला आणि दोन उशांना प्रवासी करून एसटी चालवत होती. आवाज खणखणीत: "चला, पुढं सरका! मागं जागा न्हाई! सुट्टे काढा, सुट्टे!" वडिलांची लकब हुबेहूब. वर्गशिक्षिकेला मी ते ऐकवलं. त्या बराच वेळ फोनकडे बघत राहिल्या. चार महिने जिचा आवाज कसा आहे हेही त्यांना माहीत नव्हतं, ती मुलगी हीच, हे त्यांना पटायला वेळ लागला.

याला निवडक मूकता म्हणतात. घरी, ओळखीच्या माणसांत मूल नीट बोलतं. शाळेत किंवा परक्यांसमोर बोलणं बंद होतं आणि ते निदान महिनाभर तरी टिकतं. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत, कारण तेव्हा बरीच मुलं गप्प असतात. भाषा येत नाही म्हणून मूल गप्प असेल तर तेही यात मोडत नाही. आडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरने 1877 मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं, तेव्हा त्याने दिलेल्या नावाचा अर्थ होता 'स्वेच्छेने आलेली वाचाहीनता'. 1934 मध्ये मोरित्झ ट्रामर या स्विस डॉक्टरने दिलेल्या नावातही मूल स्वतः गप्प राहायचं ठरवतं असाच भाव होता. तो नावातून काढायला 1994 साल उजाडलं, आणि मनोविकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत, 2013 मध्ये, हा प्रकार चिंताविकारांच्या गटात बसवला गेला. एवढा इतिहास सांगितला तो एवढ्यासाठी, की 'मुद्दाम करते' हा समज तिच्या वडिलांचा एकट्याचा नव्हता. शंभराहून अधिक वर्षं तो डॉक्टरांच्याही शब्दांत होता. खरं तर अशा वेळी मुलाचा घसा भीतीने आवळलेला असतो.

उपाय सांगायला सोपा, करायला चिकाटीचा. सायकलचं आमिष बंद. 'बोल, बोल' बंद. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई आणि मुलगी अर्धा तास सागरगोटे खेळायच्या. वर्गात तिसरं कुणी नाही, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगी आईशी बोलू लागली. म्हणजे त्या भिंतींमध्ये तिचा आवाज पहिल्यांदा उमटला. मग शिक्षिका बाहेर व्हरांड्यात झाडांना पाणी घालत राहिल्या. मग दारात. मग शेवटच्या बाकावर वह्या तपासत, वर न बघता. प्रत्येक पायरीला आवाज बारीक व्हायचा, कधी बंद पडायचा, तेव्हा आम्ही एक पायरी मागे यायचो. जानेवारीत शिक्षिका खेळात बसल्या. खेळ एसटीचा. तिकिटाचे आकडे मोजायचे, एक आकडा आईचा, पुढचा मुलीचा. आकड्यांनी सुरुवात करण्याचं कारण असं, की त्यात सांगायचं काही नसतं, चुकायची भीती कमी असते. आठव्या दिवशी आईने आपली पाळी शिक्षिकेला दिली. शिक्षिका म्हणाल्या, "सोळा." मुलगी थांबली. मग ओठांतल्या ओठांत, "सतरा." शिक्षिकेने तिच्याकडे न बघता, शाबासकी न देता पुढचा आकडा म्हटला. मी त्यांना तसं बजावलं होतं, पण ते पाळणं किती कठीण गेलं असेल याची मला कल्पना आहे. त्यांच्याशिवाय हे झालं नसतं.

दुसरीत ती हजेरी देऊ लागली. तिसरीत गेली तेव्हा कविता म्हणून दाखवली, सगळ्यांबरोबर आणि मग एकटीने. 2014 च्या पावसाळ्यात मी प्रकरण बंद केलं. शेवटच्या भेटीत मी आईवडिलांना म्हटलं, "आता ती बोलायला लागली आहे, काळजी करू नका."

चूक झाली ती इथे, आणि ती माझी. त्या वाक्यातून वडील असं समजले, की आता मुलगी आपल्यासारखी बोलेल. भीती जाईल, पण तिच्याखाली जो स्वभाव आहे तो राहील, हे मी सांगायला हवं होतं. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज ऐकवले, डोळ्यांसमोर नवी खेळणी हलवली. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायला लागायचं. ही मुलं मोठी होईपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिली गेली. त्यातली बरीच व्यवस्थित वाढली. पण बेधडक, गर्दीत रमणारी माणसं त्यांच्यातून क्वचितच निघाली. हे मला 2014 मध्येही माहीत होतं. बरं झालेलं मूल समोर असताना, आनंदाच्या भरात, मी ते आईवडिलांना सांगितलं नाही. याची किंमत त्या मुलीने सात वर्षं मोजली.

डिसेंबर 2021 मध्ये वडील पुन्हा आले, या वेळी एकटे. एसटीचा संप चालू होता. ऑक्टोबरच्या अखेरीपासून गाड्या बंद, राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी, पगार नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस सलग दोन महिने घरात होता. मुलगी दहावीला. ते म्हणाले, "मॅडम, परत तसंच झालंय. दिवसभर घरात असती, पण बोलतच न्हाई. मी मोजलंय. परवा दिवसभरात अकरा वेळा बोलली, त्यातलं सहा वेळा नुसतं 'हो'."

मी मुलीला स्वतंत्र भेटले. पंधरा वर्षांची, माझ्याकडे थेट बघणारी. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिने दिलं, थोडक्यात, विचार करून. शाळेत हजेरी देते, शंका विचारते, दुकानात जाते, फोन घेते. दोन मैत्रिणी आहेत, सहावीपासूनच्या. एखादं ठिकाण किंवा माणूस टाळण्याची सवय नाही, झोप नीट, भूक नीट. निदान करण्यासारखं काही सापडलं नाही. ती कमी बोलत होती, इतकंच. मी तिला विचारलं, "कधी बोलायचंय पण येत नाही, असं होतं का?" ती जरा थांबली. "पप्पा पाहुण्यांसमोर 'बोल की गं' म्हणतात ना, तेव्हा होतं. सांगायचं असतं ते पण जातं." आणखी एक गोष्ट तिने सांगितली. वडील कुणालाही भेटले की कौतुकाने सांगायचे, "लहानपणी मुकी हुती बघा, आता बोलती." मग समोरचा माणूस ती बोलते का हे बघायला तिच्याकडे वळायचा.

मला हे महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे जरा थांबते. या वडिलांना मुलीचा अभिमान नव्हता असं अजिबात नाही. अभिमान पहिल्यापासून होता आणि उघड होता. पण तो एकाच गोष्टीला बांधलेला होता, तिच्या आवाजाला. आणि तो व्यक्त व्हायचा वडिलांच्या रीतीने, चारचौघांत, मोठ्याने. गप्प मुलाचं कौतुक असं झालं, की सगळ्यांची नजर त्याच्यावर खिळते, आणि नेमकी तीच गोष्ट त्याला सगळ्यात जड जाते. बोलक्या घरात असं मूल असेल तर हे जवळजवळ दरवेळी घडतं, आणि करणारे सगळे प्रेमापोटीच करत असतात.

वडिलांना मी 'तिला काही झालेलं नाही' एवढंच सांगितलं असतं तर ते पटलं नसतं. त्यांना मोजायची सवय होती, तर मोजायचं काय ते बदलायचं ठरवलं. कंडक्टर ड्युटी संपली की वेबिल भरतो, दिवसाचा सगळा हिशेब त्यावर असतो. मी म्हटलं, पंधरा दिवस मुलीचं वेबिल लिहा. ती काय बोलली हे लिहायचं नाही. काय केलं, तेवढंच लिहायचं. तिला कळू द्यायचं नाही आणि घरी कुणाशी चर्चा करायची नाही.

ती शंभर पानी वही त्यांनी मला नंतर दाखवली. पहिले दोन दिवस 'अभ्यास केला', 'जेवली', 'झोपली'. तिसऱ्या दिवसापासून नोंदी लांबत गेल्या. आजीच्या बीपीच्या गोळ्या रोज सकाळी वाटीत काढून ठेवते, कुणी सांगितलेलं नाही. आई मशीनवर बसली की तिच्या मागचा दिवा लावते. भाऊ गणित चुकला तर उत्तर सांगत नाही, जिथे चुकलं तिथे बोट ठेवते. मग नवव्या दिवसाची नोंद होती. वडील ट्यूशनची थकलेली फी थोडी तरी द्यावी म्हणून उसने पैसे घेऊन बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, "अहो, ती तर दहा दिवसांपूर्वीच येऊन सांगून गेली, पुढच्या महिन्यापासून येणार नाही म्हणून. कारण विचारलं तर म्हणाली, 'पप्पांचा पगार सुरू झाला की येईन.' मीच म्हटलं, फी नंतर बघू, तू ये."

वहीत त्या पानावर एवढंच लिहिलेलं होतं: 'पोरगी एकटी बाईंच्या घरी गेली. बोलली. मला माहीत नव्हतं.'

ज्या मुलीला पाणी प्यायला विचारता येत नव्हतं, ती कुणी न पाठवता शिक्षिकेच्या दारात उभी राहिली आणि घरातली सगळ्यात अवघड गोष्ट सरळ सांगून आली. माझ्यासमोर हे सांगताना वडिलांचा आवाज लागत नव्हता. आठ वर्षांपूर्वीच्या उपचारांचं फळ मला कुठे दिसलं असेल तर त्या पानावर.

पण इथेही सावध राहायला हवं, हे मी त्यांना त्याच बैठकीत सांगितलं. गप्प आणि गुणी मुलं घराचं ओझं न सांगता उचलतात आणि आपल्याला काय हवं ते तसंच न सांगता सोडून देतात. आईवडिलांना ते समजूतदारपणाचं वाटतं. ट्यूशन सोडायचा निर्णय तिने एकटीने घेतला यात धीट मन होतं, तसा एकटेपणाही होता. त्याचा अभिमान बाळगायचा, पण 'आमची पोरगी काही मागत नाही' हे कौतुकाचं वाक्य होऊ द्यायचं नाही. मग घरात एक नियम ठरला. तिच्याबद्दलची कुठलीही गोष्ट ठरवण्याआधी तिला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. वडिलांना सगळ्यात कठीण गेलं ते थांबणं. प्रश्न विचारून दोन सेकंदांत ते स्वतःच उत्तर द्यायचे. आईने सांगितल्याप्रमाणे ते मनात दहापर्यंत आकडे मोजायला शिकले.

संप एप्रिल 2022 मध्ये मिटला. ते ड्युटीवर गेले. दहावी झाली, अकरावी-बारावी विज्ञान शाखेतून झाली. या दोन वर्षांत लिहिण्यासारखं फारसं काही नाही आणि ते चांगलं लक्षण होतं.

मे 2024 मध्ये मला वडिलांचा फोन आला. मुलीला अठरा पूर्ण होत होती. कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको, आमच्याकडे वाढदिवस म्हणजे चौकात डिजिटल बोर्ड. त्यांनी मित्रांकडून वर्गणीची तयारीसुद्धा केली होती: मुलीचा फोटो, खाली सगळ्यांची नावं, शुभेच्छुक म्हणून डेपोतला सगळा स्टाफ. पंधरा वर्षं जिच्याबद्दल लोक काय काय बोलले, तिचा फोटो त्याच लोकांनी चौकात बघावा, ही त्यांची इच्छा मला मनापासून समजली. मी एवढंच विचारलं, "तिला विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "इचारलं. दहापर्यंत मोजायला लागलंच न्हाई. 'नको' म्हणाली. माझ्याकडं बघून, सरळ." मला वाटलं, ते नाराज असतील. ते पुढे म्हणाले, "मॅडम, आजवर तिनं मला कधी 'नको' म्हटलं नव्हतं. गप बसायची आणि मला वाटायचं हो म्हणली."

बोर्ड लागला नाही. तिला काय हवं ते तिने त्यानंतर दोन दिवसांनी सांगितलं: बँकेतलं आपलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचं, खातं सज्ञान करायला एकटीने जायचं होतं. कागद तिने आधीच काढून ठेवले होते. ते काम एका खेपेत झालं नाही, तीन खेपा लागल्या. पहिल्या दोन वेळा खिडकीवरून परत पाठवलं गेलं. वडील तिसऱ्या वेळी बरोबर निघाले, तर ती म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा." ते रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्यावर थांबले. नव्या सहीचं पासबुक तिने बाहेर येऊन त्यांच्या हातात दिलं. ते पासबुक त्यांनी चहावाल्याला दाखवलं नाही. हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.

त्याच काळात तिने मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्ज भरला. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं, तेव्हा वडिलांची गाडी निवडणुकीच्या कामाला होती. ती आजीला हाताला धरून केंद्रावर घेऊन गेली. रात्री वडिलांनी विचारलं, कुणाला दिलंस. तिने सांगितलं नाही. आजीने मात्र आपलं सगळं मोठ्या आवाजात सांगून टाकलं.

आता ती कोल्हापूरला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. पास काढून रोज एसटीने जाते-येते. वडिलांच्या गाडीवर नाही, वेगळ्या मार्गावर. जानेवारीत त्यांच्या एका सहकाऱ्याने त्यांना डेपोत गाठलं आणि सांगितलेली गोष्ट त्यांनी मला ऐकवली.

संध्याकाळची गाडी, कोल्हापूरहून गारगोटीकडे. मुधाळ तिट्ट्याला चार माणसं उतरली, कंडक्टरने डबल बेल दिली, गाडी निघाली. मधल्या सीटवरून एक पोरगी उठून पुढे आली आणि म्हणाली, "मामा, थांबवा. त्या आजोबांना इथं उतरायचंय, झोपलेत." म्हाताऱ्याने तिकीट काढताना गावाचं नाव सांगितलं होतं, ते तिने ऐकून लक्षात ठेवलं होतं. गाडी थांबली. म्हातारा उतरला. पोरगी परत जागेवर जाऊन बसली. उतरताना तिने पास दाखवला तेव्हा आडनाव बघून सहकाऱ्याच्या ध्यानात आलं, ही कुणाची.

वडिलांनी त्याला विचारलेला पहिला प्रश्न जुनाच होता. "मोठ्यानं बोलली?"

सहकारी म्हणाला, "ऐकू येण्याइतकं."

मी विचारलं, घरी गेल्यावर तिला काय म्हणालात. ते म्हणाले, "काय न्हाई. जेवायला बसली हुती. तिची आई उठाय लागली, म्हटलं बस तू. आज मी वाढतो पोरीला."